आतड्याचा कॅन्सर : शस्त्रक्रियेनंतरची पाच वर्षे

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, रुग्ण घरी आला की घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकतात. ‘गाठ काढली, आता सुटलो,’ असे म्हणतात. रहाटणी, काळेवाडी, थेरगाव या पट्ट्यातल्या कामगार कुटुंबांत या वाक्यामागे आणखीही बरेच काही असते. रजा संपत आलेली असते, घराचा हप्ता थकलेला असतो, मुलांची फी भरायची असते. माणूस उभा राहिला की त्याने चाकणला किंवा भोसरीला पुन्हा पाळीवर जावे, एवढेच सगळ्यांना दिसत असते. फाईल कपाटावर जाते. वर्ष-दीड वर्षाने वजन उतरू लागते, जेवण जात नाही, उजव्या बरगडीखाली जड वाटू लागते आणि मग ती फाईल खाली काढली जाते. तोवर बऱ्याचदा हातातली वेळ निघून गेलेली असते.

हा उशीर सगळ्यांच्याच बाबतीत टाळता येईल असे नाही, पण अनेकांच्या बाबतीत टाळता येतो. मोठे आतडे आणि गुदाशय यांचा कॅन्सर शस्त्रक्रियेनंतर परत येऊ शकतो, आणि परत आल्यावरही काही रुग्ण त्यातून पूर्ण बरे होऊ शकतात. दुसऱ्या अवयवात पसरलेल्या फार थोड्या कॅन्सरबद्दल असे म्हणता येते. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या पाच वर्षांचा हिशेब रुग्ण, घरचे, कंपनी आणि सरकारी यंत्रणा यांनी मिळून ठेवायला हवा. आज तो बहुतेक वेळा एकट्या रुग्णाच्या गळ्यात पडतो.

गाठ काढूनही परत का येतो?

शस्त्रक्रियेत सर्जन गाठ, तिच्या दोन्ही बाजूंचे आतडे आणि जवळच्या लसिका ग्रंथी काढतो. पण त्याआधीच काही पेशी रक्तातून किंवा लसिकेतून निसटलेल्या असू शकतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि स्कॅनमध्येही येत नाहीत. आतड्याचे रक्त आधी यकृतातून जाते, त्यामुळे अशा पेशी बहुतेकदा यकृतात वाढतात. त्यानंतर फुफ्फुस आणि पोटाचे अस्तर यांचा क्रम लागतो.

धोका किती, हे बायोप्सीच्या अंतिम रिपोर्टवर ठरते. लसिका ग्रंथींपर्यंत आजार पोचला असेल तर तो तिसरा टप्पा. अशा शंभर रुग्णांपैकी साधारण पन्नास केवळ शस्त्रक्रियेने बरे होतात, आणखी वीस जणांना नंतरच्या केमोथेरपीने वाचवता येते आणि उरलेल्या तीस जणांत केमो घेऊनही आजार परत येतो. परत येणाऱ्यांपैकी दहातल्या आठ जणांत तो पहिल्या तीन वर्षांतच दिसतो. पाच वर्षांनंतर परत येणे क्वचित घडते. पाच वर्षांचा हिशेब ठेवायचा तो यासाठी.

हा म्हातारपणाचाच आजार आहे ही समजूतही सोडायला हवी. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१७ मध्ये आपल्या ८०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय ४७ होते. पाश्चात्त्य देशांत हेच वय साठीच्या पुढे आहे. म्हणजे आपल्याकडे हा आजार घराच्या कमावत्या माणसाला गाठतो. ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटातला अभिनेता चॅडविक बोसमन याला २०१६ मध्ये तिसऱ्या टप्प्याचा आतड्याचा कॅन्सर असल्याचे कळले. उपचार चालू असताना त्याने चित्रपट केले, आजार चौथ्या टप्प्यात गेला आणि ऑगस्ट २०२० मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी तो गेला. हात चालत आहेत म्हणून आजार गेला असे समजता येत नाही.

परत येऊ नये म्हणून दिलेली औषधे

या आजाराचे मुख्य औषध जुने आहे. फाइव्ह-फ्लुरोयुरासिल हे औषध १९५७ मध्ये तयार झाले. कॅपेसिटाबिन नावाच्या गोळ्या पोटात गेल्यावर त्याच औषधात बदलतात. शस्त्रक्रियेनंतर ते दिल्याने जीव वाचतात हे १९९० मध्ये ठळकपणे सिद्ध झाले. त्यात ऑक्झॅलिप्लॅटिन जोडल्याने आणखी फायदा होतो का, हे २,२४६ रुग्णांवरच्या ‘मोझॅक’ अभ्यासात तपासले गेले. २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तीन वर्षांनी आजाराविना असलेल्यांचे प्रमाण जुन्या औषधावर ७२.९ टक्के, तर दोन्ही औषधांवर ७८.२ टक्के होते. शंभर रुग्णांमागे पाच जणांचा हा फायदा छोटा वाटेल, पण त्या पाच घरांसाठी तो छोटा नाही.

ऑक्झॅलिप्लॅटिनची किंमतही मोजावी लागते. हातापायांना मुंग्या येतात, थंड पाणी किंवा थंड लोखंड हातात घेतले की झटका बसल्यासारखे होते. लेथवर किंवा असेंब्ली लाइनवर काम करणाऱ्याला हे परवडत नाही. काहींची बधिरता वर्षानुवर्षे राहते. इथे २०१८ चा एक मोठा निष्कर्ष कामाला येतो. सहा अभ्यासांतील १२,८३४ रुग्णांची माहिती एकत्र करून असे दिसले, की तिसऱ्या टप्प्यातील कमी धोक्याच्या रुग्णांना कॅपेसिटाबिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन ही जोडी सहाऐवजी तीन महिने दिली तरी फायदा जवळपास तेवढाच राहतो आणि बधिरता बरीच कमी होते. जास्त धोका असलेल्यांना मात्र सहा महिन्यांचाच विचार करावा लागतो. आपल्याला किती महिने आणि का, हे रुग्णाने डॉक्टरांना विचारायलाच हवे.

कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, पाना धरवत नाही. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये २६४ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखऱ्या गुडघ्याला लावतात ते डायक्लोफेनॅक जेल हाताला लावल्यावर मध्यम ते तीव्र त्रासाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आले. इतके स्वस्त औषध एखाद्याचा कोर्स पूर्ण करून देऊ शकते. कारण केमो अर्धवट सुटते ती अनेकदा अशाच त्रासाने, आणि तो त्रास कोणाला सांगितलेलाच नसतो. डोस कमी करता येतो, पुढे ढकलता येतो. मनाने बंद करणे हा सगळ्यांत वाईट पर्याय. एकच अपवाद लक्षात ठेवावा : या गोळ्यांवर असताना जोराचे जुलाब, तोंडभर फोड किंवा ताप आला तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. काहींच्या शरीरात हे औषध पचवणारे एन्झाइम कमी असते आणि त्यांच्यासाठी ही घातक स्थिती ठरू शकते.

परत आल्यावर पहिला प्रश्न

आजार परतला असे कळले की घरातला पहिला प्रश्न असतो, ‘आता कोणते औषध?’ खरे तर त्याआधीचा प्रश्न असायला हवा, ‘हे काढता येईल का?’ यकृतात एक-दोन किंवा त्याहून थोड्या जास्त गाठी असतील आणि पुरेसे निरोगी यकृत मागे राहणार असेल, तर त्या काढता येतात. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयात अशी शस्त्रक्रिया झालेल्या ६१२ रुग्णांपैकी १०२ जण दहा वर्षांनंतरही हयात होते, म्हणजे सहापैकी एक. त्या शस्त्रक्रिया १९८५ ते १९९४ या काळातल्या, आजच्या औषधांच्या आधीच्या. ‘चौथा टप्पा म्हणजे संपले’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. अशा रुग्णाची फाईल यकृताच्या सर्जनने एकदा तरी पाहिलेली असावी. केवळ औषधे सुरू करून ही संधी हातची घालवू नये.

मग यकृतातली गाठ काढल्यावर पुन्हा केमो द्यायची का? जपानमध्ये ३०० रुग्णांवर याचा अभ्यास झाला आणि २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. केमो दिलेल्यांत पाच वर्षे आजाराविना राहिलेल्यांचे प्रमाण ४९.८ टक्के होते, न दिलेल्यांत ३८.७ टक्के. इथपर्यंत केमो जिंकली. पण पाच वर्षे जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण केमो दिलेल्यांत ७१.२ आणि न दिलेल्यांत ८३.१ टक्के निघाले. आजार उशिरा परतला, तरी आयुष्य वाढले नाही. औषधाच्या जाहिरातीत किंवा बातमीत ‘आजार रोखला’ असे वाचले, की ‘माणूस किती जगला’ हा वेगळा प्रश्न विचारायचा, तो यामुळे. याचा अर्थ सगळ्यांनीच केमो टाळावी असा नाही. एखाद्याने आधी काहीच औषध घेतले नसेल तर त्याचा हिशेब निराळा असतो. पण ‘आणखी औषध म्हणजे आणखी आयुष्य’ हे गणित दर वेळी जुळत नाही.

काढता येत नसेल तेव्हा

गाठी काढण्यासारख्या नसतील तर औषधांवर भिस्त असते आणि इथे गेल्या तीस वर्षांत मोठा बदल झाला आहे. केवळ फ्लुरोयुरासिलच्या काळात अशा रुग्णांतील निम्मे सुमारे वर्षभरात जात. २००४ मध्ये ८१३ रुग्णांच्या अभ्यासात केमोला बेव्हॅसिझुमॅब जोडल्यावर हा मधला आकडा १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेला. जपानमधल्या एका अभ्यासात, २०२३ मध्ये, डाव्या बाजूच्या आतड्यातून पसरलेल्या निवडक रुग्णांत तो तीन वर्षांच्या आसपास पोचला. हा मधला आकडा आहे हे विसरायचे नाही. निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगतात, निम्मे कमी. समोरच्या एका माणसाचे भविष्य त्यातून सांगता येत नाही.

कोणते औषध लागू पडेल हे गाठीच्या जनुकीय तपासणीवर ठरते. सुमारे निम्म्या रुग्णांच्या गाठीत ‘रॅस’ जनुकात बदल असतो. त्यांना सेटुक्सिमॅबसारखी महागडी इंजेक्शने लागू पडत नाहीत. हे २००८ पासून ठाऊक आहे. तपासणी न करता दिलेले इंजेक्शन म्हणजे दागिने गहाण टाकून घेतलेला निरुपयोगी उपचार. दुसरी तपासणी ‘एमएमआर’ प्रथिनांची. पसरलेल्या आजारात शंभरातल्या पाचेक रुग्णांत ही प्रथिने नसतात. त्यांना केमोऐवजी इम्युनोथेरपी दिल्यावर आजार थोपवून धरण्याचा काळ ८.२ महिन्यांवरून १६.५ महिन्यांवर गेला, असे २०२० मध्ये दिसले. ही तपासणी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीवरच करता येते. ती सदोष निघाली तर घरातल्या इतरांनाही आनुवंशिक धोका आहे का, हे पाहता येते. म्हणून ती पहिल्याच रिपोर्टसोबत झालेली बरी.

सगळी औषधे वापरून झाल्यावरचा फायदा मात्र महिन्यांत मोजावा लागतो. ट्रायफ्लुरिडिन-टिपिरासिलच्या गोळ्यांना बेव्हॅसिझुमॅब जोडले तेव्हा मधले आयुष्य ७.५ महिन्यांवरून १०.८ महिन्यांवर गेले. काही घरांना ते तीन महिने मोलाचे वाटतील, काहींना त्यासाठीचे कर्ज झेपणार नाही. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. अट एवढीच, की आकडे आधी समजावून सांगितलेले असावेत. वेदना, उलट्या, आतडे अडकणे यांवरचा उपचार शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायचा नसतो. तो केमोच्या बरोबरीने चालतो. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे उपशामक उपचार केंद्र आहे, तिथे हे उपचार मोफत मिळतात. ‘आता काही करता येत नाही’ असे सांगण्याची वेळ त्यामुळे कोणावर यायचे कारण नाही.

फाईल कपाटावर का जाते?

शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी आणि रक्तातल्या ‘सीईए’ची चाचणी, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, ठरावीक काळाने सीटी स्कॅन आणि पहिल्या वर्षाच्या सुमारास कोलोनोस्कोपी असा साधारण क्रम असतो. इंग्लंडमधील १,२०२ रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले, की त्रास झाल्यावरच येणाऱ्यांपैकी २.३ टक्के रुग्णांवर बरे करण्याच्या हेतूने पुन्हा शस्त्रक्रिया करता आली. नियमित सीईए करणाऱ्यांत हे प्रमाण ६.७ टक्के आणि नियमित सीटी करणाऱ्यांत ८ टक्के होते. एकूण आयुष्य त्याने ठळकपणे वाढल्याचे त्या अभ्यासात सिद्ध झाले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण आजार काढण्यासारखा असताना सापडणे ही संधी आहे आणि ती तपासणीविना मिळत नाही. सीईए एकदा थोडे वाढले म्हणून घाबरून जायचे नाही. धूम्रपान करणाऱ्यांत ते थोडे जास्त असू शकते. चाचणी पुन्हा करून आकडा चढतो आहे का, हे पाहायचे असते.

हे सगळे कामगाराला का जमत नाही? परळच्या तपासणीसाठी एक दिवस, रिपोर्टसाठी दुसरा दिवस, म्हणजे दोन खाडे. कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे बुडालेली मजुरी, आणि खाडे वाढले की बदली माणूस. कर्मचारी राज्य विमा योजनेची, म्हणजे ईएसआयची, वेतनमर्यादा जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपये आहे. पगार त्यापुढे गेला की चालू अंशदान कालावधी संपल्यावर कामगार योजनेबाहेर पडतो, आजाराची पाच वर्षे पूर्ण झालेली असोत वा नसोत. याच योजनेत कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात सरासरी वेतनाच्या ८० टक्के इतका लाभ दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. पण त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि १५६ दिवसांचे अंशदान लागते. कंत्राटदार बदलला, मध्ये खंड पडला की हा हक्क निसटतो. विमा क्रमांक आयुष्यभर एकच असतो. नव्या कंत्राटदाराला तोच द्यायचा, नवा काढू द्यायचा नाही.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डाचेही लोक त्यात आले आहेत. शस्त्रक्रिया आणि केमो यांचा मोठा भार त्यामुळे हलका झाला. औषधांच्या किमतीही उतरल्या. २०१९ मध्ये केंद्राने ४२ कॅन्सर औषधांवरील व्यापारी नफा ३० टक्क्यांवर बांधला. ऑक्झॅलिप्लॅटिन, कॅपेसिटाबिन ही औषधे अत्यावश्यक यादीत आहेत. पण योजना मुळात दाखल रुग्णाच्या उपचारांभोवती बांधलेल्या असतात. दर तीन महिन्यांची रक्तचाचणी, येण्याजाण्याचे भाडे, बुडालेला रोज हा खर्च घरातूनच जातो, आणि गळती नेमकी तिथे होते.

उपाय फार खर्चिक नाहीत. महापालिकेचे पिंपरीत वायसीएम रुग्णालय आहे, थेरगाव, भोसरी, आकुर्डी इथेही रुग्णालये आहेत. कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रहिवाशाची, ती कुठेही झालेली असो, पाच वर्षांची नोंद ठेवता येईल. तारीख चुकली की आशाताईंचा फोन जाईल, सीईएचा नमुना घराजवळच देता येईल, वाढ दिसली तरच मोठ्या रुग्णालयाकडे पाठवता येईल. क्षयरोगाच्या रुग्णाचा असा पाठपुरावा आपल्याकडे होतो, मग कॅन्सरच्या रुग्णाचा न होण्याचे कारण काय? केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे काढण्याचे जाहीर केले आहे. त्यांत केमोच्या खुर्च्यांबरोबर ही नोंदवहीही असावी. कंपन्यांनीही तपासणीच्या दिवसांना पगारी रजा द्यावी, कंत्राटी कामगारांसकट. वर्षाचे चार दिवस कोणत्याही कारखान्याला जड नाहीत.

रुग्णाच्या हातात काय आहे?

शस्त्रक्रियेचा कागद, लसिका ग्रंथींची संख्या लिहिलेला बायोप्सी रिपोर्ट, एमएमआरचा निकाल, केमोच्या डोसांच्या तारखा, सीईएचे सगळे आकडे एका कागदावर आणि स्कॅनच्या सीडी एवढे एका पिशवीत असावे. पुढची तारीख घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असावी. काढे, गोमूत्र, कडक पथ्ये यांच्या नादात केमो सोडू नये. घेत असाल तर डॉक्टरांना सांगावे.

आणि चालावे. शस्त्रक्रिया व केमो पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांवरचा एक अभ्यास जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षे मार्गदर्शनाखाली नियमित व्यायाम करणाऱ्यांत पाच वर्षे आजाराविना राहिलेले ८०.३ टक्के होते, केवळ माहितीपत्रक मिळालेल्यांत ७३.९ टक्के. आठ वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ९०.३ आणि ८३.२ टक्के. अनेक महागड्या औषधांनाही असा फरक साधत नाही. व्यायाम म्हणजे आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालणे, डॉक्टरांना विचारून, हळूहळू वाढवत. केमोच्या जागी ते नाही, केमोनंतर आहे. बारा तासांच्या पाळीनंतर चालायला कोण जाणार, हा प्रश्न खरा आहे. पण सुट्टीच्या दिवशी घरातल्या कोणीतरी सोबत निघाले, तर सुरुवात होऊ शकते.